द्वारा डाकघोडा

ही गोष्ट कोणालाही खरी वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याच्याबद्दल मला काळजी वाटेल. तरी सांगतो. कारण ती जिथं घडली त्याच दुकानासमोरच्या बाकड्यांवर आपण सगळे बसलो आहोत, आत मडकं अजून तापायचं आहे आणि पोळी हातात पडेपर्यंत कोणालाच दुसरं काम नाही. भिलाईच्या रेल मिलमध्ये उभा जन्म काढलेल्या एका माणसाला एका यंत्रानं भर दुपारी कळवलं, की तुम्ही तुम्ही नाही. त्या माणसाचं नाव देवीदास लांजेवार. आणि पुढं देवीदासांनाच कबूल करावं लागलं, की यंत्राचं वागणं रीतीला धरून आहे.

सुरुवात जेवणाच्या ताटावर झाली. देवीदासांची मुलगी उन्नती कोचिंग क्लासच्या ऑफिसात चांगल्या नोकरीला होती. वरणात भात कालवता कालवता ती म्हणाली, "बाबा, मी नोकरी सोडली. कुरुदच्या वळणावर गाळा पाह्यला आहे. आईच्या हातची लांब पोळी विकणार."

देवीदासांनी घास खाली ठेवला. लांब पोळी म्हणजे काय, हे त्या घरात कोणाला सांगावं लागत नव्हतं. कणीक इतकी सैल भिजवायची की ती हातात राहू नये. मग ती दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत ओढायची आणि चुलीवर उलट्या ठेवलेल्या मडक्यावर पसरायची. बेबीताईंची, म्हणजे उन्नतीच्या आईची, पोळी इतकी पातळ असे की तिच्यातून पेपर वाचता येई. देवीदासांनी एकदा तिच्यातून निवडणुकीचा निकाल वाचला होता आणि मगच ती खाल्ली होती. पण घरात खाणं वेगळं आणि गाळा घेऊन विकणं वेगळं.

"बाई काय म्हणन?" देवीदास म्हणाले.

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, ठकूबाई. भंडाऱ्याकडून भिलाईला आलेल्या या लांजेवारांच्या घरात नवी चूल पेटली की पहिली पोळी थोरल्या बाईच्या हातची पडायची. सेक्टरमधलं क्वार्टर मिळालं तेव्हा ठकूबाईंनी टाकली, ते सोडून स्वतःचं घर बांधलं तेव्हाही त्यांनीच टाकली. ज्या चुलीवर त्यांनी पोळी टाकली नाही, त्या चुलीचं गावाकडून आलेल्या लोकांच्या मंडळातलं कोणी जेवत नसे. तसा काही नियम नव्हता. फक्त कोणी जेवत नसे.

"मंग असं करू," देवीदासांनी निकाल दिला. "रविवारी उद्घाटन. बाईनं पहिली पोळी टाकली त दुकान. नाई टाकली त कुलूप, अन् तू वापस नोकरीवर. मंजूर?"

"मंजूर," उन्नती म्हणाली. तिच्यापाशी दुसरा शब्द नव्हता, कारण गाळ्याच्या मालकाकडून किल्ली आधीच घेऊन झाली होती.

आता निमंत्रणाचा प्रश्न आला. मंडळातली माणसं भिलाईच्या सगळ्या सेक्टरांत, कुरुदला, पावर हाउसला, दुर्गला विखुरलेली. घरोघरी जायचं तर कोणाकडे आधी गेलो आणि कोणाकडे मागून, यावरून वर्षभर अबोला. मागच्या सत्यनारायणाला मंडळाचे सचिव गुलाबराव यांना निमंत्रण दुपारी मिळालं आणि त्यांच्या शेजाऱ्याला सकाळी. तेव्हापासून गुलाबराव देवीदासांशी फक्त हवामानावर बोलत.

"म्हणूनच मेल करू," उन्नती म्हणाली. "सगळ्यांले एकाच वेळी भेटते. आगे-पीछे का झंझटच नाही."

"व्हॉट्सअ‍ॅप कावून नाई?"

"काल पाठवून पाह्यलं. इतक्या जणांले एकदम पाठवलं म्हणून त्यांनी नंबरच बंद केला."

मेलचे पत्ते सगळ्यांचे होते. निवृत्तीच्या कागदांसाठी प्रत्येकाला एक एक काढावा लागला होता. तो मुलानं काढून दिलेला, आणि पासवर्डही मुलाकडेच, पुण्याला किंवा बंगळुरूला. म्हणजे भिलाईतल्या बापाला पाठवलेला मेल आधी बंगळुरूला पोरगा वाचणार आणि मग बापाला फोन करून सांगणार. देवीदासांना ही व्यवस्था पसंत पडली. यात निरोप्याचा खर्च मुलावर पडत होता.

एका झटक्यात ढीगभर मेल पाठवून देणारी, जाहिरातवाले वापरतात तशी एक सेवा उन्नतीनं शोधली. तिचं नाव डाकघोडा. निमंत्रण लिहून झालं, दुकानाचा फोटो लागला. पाठवणाऱ्याच्या जागी उन्नतीनं आपलं नाव लिहिलं, तसा देवीदासांनी तिचा हात धरला.

"निमंत्रण पोरीच्या नावानं जाते का कुठं? माहं नाव टाक. अन् पत्ता बी माहाच."

"बाबा, तुमचा पत्ता फुकटवाला है. हे पाहा, डाकघोडा पिवळी पट्टी दाखवून राहिला. म्हणतो, फुकटच्या पत्त्यावरून आमच्या मार्फत पाठवाल तर पोहोचायची खात्री नाही."

"ते दुसऱ्यांसाठी असन. माह्या पत्त्याले आजवर काही झालं नाई."

हे खरं होतं. त्या पत्त्यावरून आजवर काही पाठवलंच गेलं नव्हतं.

बटण दाबलं. देवीदास हात जोडून उभे राहिले. चहा उकळायच्या आत सगळी निमंत्रणं परत आली. प्रत्येकाबरोबर एक गंभीर चिठ्ठी होती: या पत्त्याच्या मालकांच्या धोरणानुसार, त्यांच्या नावानं दुसऱ्या ठिकाणाहून आलेला हा संदेश नाकारण्यात आला आहे.

"मालक?" देवीदास म्हणाले. "पत्ता माहा. मंग हा मालक कोण?"

उन्नती गाळ्याला चुना मारायला निघाली होती. "मी आली की बघते, बाबा. तुमी हात लावू नका," एवढं सांगून ती गेली.

देवीदासांनी हात लावला. डाकघोड्यानं तिथंच एक चौकोन दिला होता: 'पाठवणाऱ्याचा पत्ता आम्ही दुरुस्त करून द्यावा काय?' रेल मिलमध्ये दुरुस्तीला नाही म्हणणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी चौकोनात बरोबरची खूण केली आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी एकही निमंत्रण परत आलं नाही. ते समाधानानं आंघोळीला गेले.

अडचण अशी होती, की डाकघोड्याची दुरुस्ती म्हणजे पत्ताबदल. पाठवणाऱ्याचं नाव देवीदास लांजेवारच राहिलं, पण पत्ता डाकघोड्याचा लागला आणि नावाच्या शेपटाला 'द्वारा डाकघोडा' आलं. थोडक्यात, देवीदासांचं नाव डाकघोड्याच्या घरी घरजावई होऊन राहिलं. आणि घरजावयाला आलेली पत्रं जशी घरमालकाच्या हाती पडतात, तशी उत्तरंही आता डाकघोड्याकडेच जाऊ लागली.

पहिला फोन गुलाबरावांचा.

"देवीदासजी, ऊन काय म्हणते?"

"पडून राहिलं."

"हो. निमंत्रण भेटलं. पोरानं बंगळुरूहून वाचून दाखवलं. मी म्हटलं, जवाब दे, सहकुटुंब येतो म्हणा. त्यानं देला. त उलटा जवाब आला, का या पत्त्यावर उत्तर देऊ नका, इथं कोणी वाचत नाही. आमी लय आवतणं खाल्ली देवीदासजी, पण बोलावून वरून बोलू नका म्हणणारं हे पहिलंच."

"ते मी नाई म्हटलं. मशीन म्हटली."

"तुमच्या नावानं म्हटली ना?"

"हो, पण..."

"बरं. उद्या ढग येतील म्हणते," असं म्हणून गुलाबरावांनी फोन ठेवला. म्हणजे संबंध पुन्हा हवामानावर आले.

त्यानंतर देवीदासांचा फोन इतका वाजला की तो तापून लाल झाला. बेबीताई सांगतात की त्यावर त्यांनी पापड भाजला. मी पापड पाहिलेला नाही, त्यामुळे त्याची हमी देत नाही. फोन मात्र खरा.

ठकूबाईंचा मेलचा पत्ता त्यांच्या मुलाकडे, शुभमकडे, पुण्याला होता. शुभमनं आईला निमंत्रण वाचून दाखवलं आणि स्वभावानं सरळ असल्यामुळे वरची सूचनाही वाचली. "आई, ऊपर लाल पट्टी है. सावधान लिखा है. हा माणूस तोच आहे की नाही, पक्का नाही म्हणे. अन् खाली, द्वारा डाकघोडा."

दहा मिनिटांत ठकूबाईंचा फोन भावाकडे.

"देवीदास, मी तुही कोण लागते?"

"बाई, असं काय विचारते? थोरली बहीण."

"मंग माह्याकडं तू अक्षता घेऊन येशीन, का डाकघोड्याले पाठवशीन?"

"बाई, तो माणूस नाई. मशीन आहे."

"तेच त. माणूस असता त मी समजून घेतलं असतं. म्हटलं असतं, पाय दुखत असन भावाचा, धाडला असन कोणाले. मशीनचे पाय कुठं दुखते? मी नाई येत."

देवीदास बराच वेळ फोन कानाला लावून बसले. पलीकडे कोणी नव्हतं. बेबीताईंनी विचारलं, "काय म्हटलं बाईनं?" ते म्हणाले, "पाय बरा आहे म्हटलं." आणि मग त्यांनी ती चूक केली, जी प्रामाणिक माणूसच करतो. त्यांनी आपल्या हातानं, आपल्या फोनवरून, आपल्या पत्त्यावरून सगळ्या मंडळाला एकच माफीचा मेल लिहिला आणि सगळ्यांना एकदम पाठवला.

ज्या पत्त्यावरून आजवर एकही मेल गेला नव्हता, त्यावरून एका क्षणात एवढी माफी निघालेली पाहून यंत्राला संशय आला. त्यानं खातं बंद केलं आणि विचारलं: तुम्ही देवीदास लांजेवार असाल तर तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव सांगा.

खातं काढताना हा प्रश्न उन्नतीनं भरला होता आणि उत्तर म्हणून जे सुचलं ते, म्हणजे टॉमी, लिहून टाकलं होतं. देवीदासांना हे माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, भंडाऱ्याकडचा गोठा आठवला आणि लिहिलं, ढवळ्या. यंत्र म्हणालं, चूक. त्यांनी पुन्हा लिहिलं, ढवळ्या बैल. यंत्र म्हणालं, चूक. तिसऱ्यांदा त्यांनी बैलाचं वर्णनही दिलं, डाव्या शिंगाला वाकडा, पाण्याला भिणारा. यंत्रानं शांतपणे कळवलं, की तुम्ही देवीदास लांजेवार आहात असं आम्हाला म्हणता येत नाही.

त्या दुपारी ते कोणीही नसल्यासारखे ओसरीत बसले होते. बेबीताई बाहेर आल्या.

"चहा ठेवू का?"

"कोणासाठी?"

"जे कोणी बसले असान त्यांच्यासाठी," बेबीताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

उन्नती परत आली ती चुन्यानं माखलेली. तिनं सगळं ऐकलं, डोक्यावरचा रुमाल सोडला आणि बापासमोर पायरीवर बसली. ती रागावली नाही, हेच देवीदासांना जड गेलं.

"बाबा, एक सांगा. शेजारचा माणूस तुमचं नाव सांगून अक्षता घेऊन आत्याबाईकडं गेला, त आत्याबाई घेईन का?"

"दारातूनच वापस धाडन."

"बस. यही हुआ. तुमाले हा फुकटचा पत्ता देला त्या मालकांनी साऱ्या दुनियेले सांगून ठेवलं आहे, आमच्या घरच्या नावानं फक्त आमच्या घरचाच माणूस येईन. दुसरा कोणी आला त उभा करू नका. कारण आजकाल लोक दुसऱ्याच्या नावानं मेल टाकून फसवतात ना. अन् डाकघोडा त्यांच्या घरचा नाई. म्हणून पहिले वापस आलं. मंग डाकघोड्यानं तुमचं नाव ठेवलं अन् पत्ता स्वतःचा टाकला. म्हणून पोहोचलं, पण तुमचं नाई राहिलं."

देवीदासांच्या लक्षात आलं. यंत्र आपल्याशी वैर करत नव्हतं. ते ठकूबाईंसारखंच वागत होतं.

"मंग त्याचं बरोबर आहे," ते म्हणाले. "त्याले रीत माहीत आहे."

"माहीत आहे."

"मंग आता?"

"आता आपल्याले आपलं घर पाहिजे. म्हणजे दुकानाचा स्वतःचा पत्ता. विकत भेटते. मंग त्याच्यावर पाटी लावायची, का डाकघोडा हा आमचाच माणूस आहे, त्याच्या हातची सही ते आमची सही. मंग कोणी दारातून वापस नाई करत. जवाब बी सीधा आपल्याकडेच येते."

"अन् पाटीवर नाव कोणाचं?"

उन्नती रुमालानं हातावरचा चुना पुसू लागली. बोलल्या त्या बेबीताई, चहाचे कप हातात घेऊन.

"दुकान पोरीचं, अन् नाव तुमचं. मंग ते मशीन कावून ऐकन? मी त नसतं ऐकलं."

चहा निवला. देवीदासांनी तो तसाच प्यायला, कप पालथा घातला आणि म्हणाले, "टाक तुह्या नावानं."

नवा पत्ता निघाला, पाटी लागली, म्हणजे उन्नतीनं लॅपटॉपवर तीन ओळी कुठंतरी चिकटवल्या आणि जगातल्या सगळ्या दारांना कळलं की कोण कोणाचा माणूस. निमंत्रण तिसऱ्यांदा गेलं. पाठवणारी उन्नती लांजेवार, पत्ता दुकानाचा, शेपूट नाही, पट्टी नाही. गुलाबरावांनी उत्तर दिलं, सहकुटुंब येतो, आणि उन्नतीनं लगेच लिहिलं, वाट पाहते काका. गुलाबरावांनी देवीदासांना फोन केला आणि हवामान सोडून पाच मिनिटं बोलले. सिविक सेंटरमधल्या एका ऑफिसातून दुपारच्या डब्यांची चौकशी आली, ती निराळीच.

राहिल्या ठकूबाई. देवीदास स्वतः गेले, हातात अक्षता घेऊन, पायातल्या दुखण्याकडे लक्ष न देता. ठकूबाई दारात उभ्या राहिल्या. आत या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत.

"पहिले मशीनच्या हातानं बोलावलं. आता पोरीच्या नावानं बोलावलं. अन् आता तू आला. माह्यासाठी सगळ्यात शेवटी."

"बाई, तुह्या हातची पोळी नाई पडली त मी दुकानाले कुलूप लावतो म्हणून बसलो."

"मंग लाव. मले मेलनं बोलावलं, मी मेलनंच येईन."

अक्षता तशाच परत आल्या. देवीदासांनी बेबीताईंना सांगितलं, उन्नतीला सांगितलं नाही. बेबीताईंनी विचारलं, "मंग कुलूप?" त्यांनी खुंटीवरचं कुलूप काढून खिशात टाकलं.

आणि रविवार उजाडला. आता जे सांगतो ते नीट ऐका. सकाळपासून कुरुदच्या वळणावर एवढी गर्दी झाली की ऑटोंची रांग पावर हाउसच्या स्टेशनपर्यंत गेली. एक मालगाडी तर स्टेशनातून हलेना, कारण तिच्या ड्रायव्हरला पोळीबरोबरच्या रस्स्याचा वास आला होता. मंडळ झाडून आलेलं. बंगळुरूची मुलं व्हिडिओवर. चूल पेटली, मडकं तापलं, कणीक परातीत थरथरू लागली, आणि सगळे खोळंबून उभे. कारण थोरल्या बाईची वाट होती. उन्नतीच्या कोपरापर्यंत पीठ लागलेलं, नजर रस्त्यावर. देवीदासांचा हात खिशातल्या कुलपावर.

तेवढ्यात एक ऑटो आला. त्यातून ठकूबाई उतरल्या. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. गर्दी आपोआप दोन्हीकडे सरकली. त्या कोणाशी न बोलता चुलीपाशी गेल्या, हात धुतले, कणकेचा गोळा उचलला आणि ओढला. किती ओढला म्हणाल, तर एक टोक मडक्यावर आणि दुसरं टोक रस्त्याच्या पलीकडल्या पानठेल्यावर, आणि मधून एक स्कूटरवाला वाकून गेला. पोळी फाटली नाही. ती मडक्यावर पसरून ठकूबाईंनी उन्नतीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पोरी, आजपासून या घरची सगळी निमंत्रणं तुह्याच..."

"खोटं."

माझी गोष्ट तिथंच तुटली. आवाज आपल्याच मागच्या बाकड्यावरून आला. सगळ्यांच्या माना वळल्या. कडेला भिंतीला टेकून, रिकामा डबा मांडीवर घेऊन, पोळीची वाट पाहत खुद्द ठकूबाई बसल्या होत्या. केव्हापासून बसल्या होत्या, कोणाला माहीत.

"खोटं बोलून राहिला हा," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी उतरलीच नव्हती. समोर ऑटोत बसून होती, पडदा लावून. देवीदास रस्त्याकडं पाहे, सारे रस्त्याकडं पाहे, अन् मडकं जळायले आलं. मंग पोरीनं कोणाले विचारलं नाई. पहिली पोळी तिनंच टाकली."

त्यांनी डब्याचं झाकण उघडून ठेवलं.

"मी पाह्यली. नाई फाटली."